‘प्रेम असेल तर हक्कसोडपत्रावर सही कर’ असं भाऊ म्हणतो तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न मी सावकाश वाचला. वडील गेल्या वर्षी गेले. भाऊ गावाकडची शेती बघतो, आई त्याच्याजवळ असते, तुम्ही लग्नानंतर पिंपरीला. वर्षश्राद्धाच्या आधी हक्कसोडपत्र, म्हणजे वडिलांच्या मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद, करून दे, असं भावाचं म्हणणं आहे. तुम्ही थोडा वेळ मागितला तर तो म्हणाला, “प्रेम आहे ना माझ्यावर? मग कागदाला का अडतेस?” आई म्हणते, सही करून टाक, माहेर तरी राहील. नवरा म्हणतो, अजिबात करू नकोस. आणि शेवटी तुम्ही विचारलंय : सही केली नाही तर मी वाईट बहीण ठरते का, आणि घरातल्या माणसांमधलं प्रेम म्हणजे नेमकं असतं तरी काय?

मी सातारा जिल्ह्यात दिवाणी वकिली करते आणि न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रातही बसते. वाटपाचे दावे आणि हक्कसोडपत्रं हे माझं रोजचं काम. त्यामुळे प्रेमाबद्दल मला जे काही कळलंय ते बरंचसं सातबाऱ्याच्या आजूबाजूला बसलेल्या भावाबहिणींकडूनच. तेवढ्या अनुभवावर उत्तर देते.

वरवर पाहता तुम्ही सहीबद्दल विचारताय. मला मात्र तुमची अडचण वेगळी दिसते. तुमची माया आणि तुमचा हिस्सा यांची भावाने एकत्र गाठ मारली आहे. आता एकाला हात लावला की दुसरं हलतं. तुम्हाला खरं विचारायचंय ते हे, की मी ‘नाही’ किंवा नुसतं ‘आत्ता नको’ म्हटलं, तर मी त्याची बहीण राहीन ना? माझं उत्तर लगेच सांगते. ज्या घरात बहिणीला नाही म्हणायची सोय नाही, त्या घरात तिने दिलेल्या होकाराला मी प्रेम म्हणत नाही. तिच्या मनात भावाबद्दल खूप प्रेम असेलही, पण ती सही त्या प्रेमातून आलेली नसते. ती भीतीतून आलेली असते. तेव्हा, नाही, वेळ मागितल्याने तुम्ही वाईट बहीण ठरत नाही. आणि पुढे पूर्ण विचार करून सही दिलीत तर भोळ्याही ठरत नाही. दोन्हींपैकी काय योग्य, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत.

पहिली म्हणजे, ही जमीन आणि घर वडिलांकडे आलं कसं? तुमच्या कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरून सांगते. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली एकत्र कुटुंबाची जमीन असेल, तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलाइतकी हक्कदार आहे. लग्न झालेलं असो वा नसो. महाराष्ट्राने अशी दुरुस्ती आधीच, २२ जून १९९४ ला केली होती, पण त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. केंद्राच्या दुरुस्तीत ती अट नाही. वडील २००५ ला हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला : हक्क जन्माचा आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदवलेलं वाटप झालं असेल तर ते मात्र उलटत नाही. आणि जमीन वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतली असेल, मृत्युपत्रही केलं नसेल, तर मुलगा, मुलगी आणि त्यांची पत्नी म्हणजे तुमची आई हे सारख्या हिश्शाचे वारस. आजी हयात असेल तर तीही. मृत्युपत्र असेल तर आधी ते वाचावं लागेल.

दुसरी गोष्ट हक्कसोडपत्राची. हा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोटरीपुढे स्टँपवर केलेल्या सहीने जमिनीतला हक्क सुटत नाही. आई-वडिलांकडून आलेल्या मालमत्तेतला हक्क भावाच्या नावे मोबदला न घेता सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, आणि त्यामुळे लोकांना कागदही नाममात्र वाटतो. तसा तो नाही. एकदा नोंदवला की तो केवळ मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. फसवून किंवा दबाव आणून करून घेतला हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि त्याला साधारणपणे, ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. घरातल्या घरात आलेला दबाव सिद्ध करणं फार अवघड. आईने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं म्हणून सही केली, याला साक्षीदार कोण आणणार?

तिसरी, आणि हिच्याबद्दल गावोगावी गैरसमज आहे. वडिलांच्या नावावरून वारस नोंद करायला हक्कसोडपत्र लागत नाही. आधी सगळ्या वारसांची नावं फेरफाराने, म्हणजे नोंद बदलून, सातबाऱ्याला लागतात. हक्क सोडायचा की नाही हा नंतरचा आणि वेगळा विषय. ‘तू सही केल्याशिवाय तलाठी नोंदच घेत नाही’ असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. सातबारा आता ऑनलाइन दिसतो. आजच काढून बघा की तुमचं आणि आईचं नाव लागलंय का.

एवढं सांगितल्यावर माझ्या ऑफिसात समोरची बहीण बहुतेक वेळा म्हणते, “म्हणजे भाऊ मला लुबाडतोय.” थांबा. कागद मागतो म्हणून भाऊ लोभी, असं मी कधीच धरून चालत नाही, आणि तुम्हीही धरू नका. शेती करणाऱ्या माणसाच्या अडचणी खऱ्या असतात. सामाईक खात्यावर सोसायटीचं पीककर्ज काढायचं तर सगळ्या खातेदारांच्या संमतीचा प्रश्न येतो. ठिबकचं अनुदान, विहिरीवरच्या मोटारीचं वीज कनेक्शन, नुकसानभरपाई, प्रत्येक ठिकाणी ‘बहिणीची सही आणा’. बहीण पिंपरीला, पेरणीचे दिवस अंगावर आलेले. शिवाय त्याच्या मनात एक भीती असते, जी तो तुमच्यापुढे बोलणार नाही. बहीण काही मागणार नाही हे त्याला माहीत असतं. पण उद्या भाचे मोठे होतील, दाजींचं मन फिरेल, आणि आपण आयुष्यभर कसलेल्या रानात कोणीतरी मोजणी आणून उभं करेल. ही भीती खोटी नाही. पण अशा भीतीवर एकदम सगळा हक्क काढून घेणं हाच एक उपाय आहे, हे मला पटत नाही. मधल्या वाटा बऱ्याच आहेत. त्या पुढे सांगते.

आधी एका कुटुंबाची हकीकत ऐका. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलते. माणच्या दुष्काळी पट्ट्यातलं घर, एक भाऊ, दोन बहिणी. वडिलांच्या किडन्या निकामी झालेल्या, डायलिसिससाठी आठवड्याला साताऱ्याच्या फेऱ्या. भावाने मुंबईची नोकरी सोडून हे सगळं केलं. वडील गेल्यावर त्याने हक्कसोडपत्र मागितलं, धाकटीने नकार दिला, आणि त्या वर्षी तो भाऊबीजेला फिरकला नाही. प्रकरण दाव्यापर्यंत गेलं आणि तिथून मध्यस्थीला आलं. पहिल्या बैठकीत मी जमिनीचा विषयच काढू दिला नाही. प्रत्येकाने वडिलांच्या आजारपणात काय काय केलं ते सांगायचं, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. भावाने काढलेलं कर्ज, विकलेल्या म्हशी, सुटलेला पगार हे बहिणी पहिल्यांदाच ऐकत होत्या. आणि धाकटीने गुपचूप आईच्या हातात दिलेले पैसे भावाला पहिल्यांदाच कळत होते. मोठी त्याला म्हणाली, “हे तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “हिशेब सांगितला असता तर उपकार केल्यासारखं झालं असतं.”

हे वाक्य मी अनेक घरांत वेगवेगळ्या तोंडांनी ऐकलंय. जिथे प्रेम आहे तिथे हिशेब काढायचा नाही, अशी आपली समजूत असते. दिसायला ही समजूत फार मोठ्या मनाची वाटते. पण हिशेब तोंडावर काढला नाही म्हणून मनातून जात नाही. भाऊ मनात लिहीत राहतो : मी राबलो, या दिवाळीला पाहुण्यांसारख्या आल्या. बहीणही लिहीत राहते : मी परक्याची झाले, माझं कोणी विचारलं नाही. मग वडील जातात, कागद पुढे येतो, आणि दोघंही आपापल्या मनातला जुना हिशेब त्या एका सहीने वसूल करायला बघतात. माझ्या मते घरातलं प्रेम टिकवायचं असेल तर कोणी काय केलं, कोणाचं काय गेलं, हे वेळच्या वेळी उघड बोललं पाहिजे. त्याने उपकार होत नाहीत. न बोलल्याने मात्र अढी बसते. त्या कुटुंबात पुढे बहिणींनी जिरायत जमिनीतला हक्क सोडला आणि घरावर सगळ्यांची नावं ठेवली. घरावर नावं ठेवायचं भावानेच सुचवलं.

दुसरं घर असंच, पण शेवट वेगळा. बहिणीने वडिलांच्या तेराव्याच्या गडबडीत सही केली होती. काय आहे ते वाचलंही नव्हतं. ‘भाऊच तर आहे’ एवढंच मनात. काही वर्षांनी जमिनीजवळून रस्ता गेला, भाव वाढला, भावाने तुकडा विकला. तिला हे कळलं वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीवरून. ती माझ्याकडे कागद रद्द करायला आली. कागद व्यवस्थित नोंदवलेला होता, मुदत उलटून गेली होती, मी तिला खोटी आशा दाखवली नाही. तिला पैशाचं दुःख होतं असं मला वाटलं नाही. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, “विकताना एक फोन करायचा होता.” आता त्यांचं येणंजाणं नाही.

म्हणून तुमच्या आईचं ‘सही कर, माहेर तरी राहील’ हे बोलणं मला पटत नाही, जरी ते मायेपोटी आहे हे मला कळतं. सही दिल्याने माहेर टिकलं आणि न दिल्याने तुटलं, असा सरळ हिशेब मला माझ्या कामात दिसलेला नाही. सही देऊनही पाच वर्षांत उंबरा परका झाल्याची उदाहरणं आहेत आणि हिस्सा घेऊनही दर दिवाळीला भरल्या घरात राहून येणाऱ्या बहिणी आहेत. टिकलं तिथे कारणं निराळी होती. भाऊ-बहीण एकमेकांना अडीनडीला फोन करत होते. कागद करण्याआधी सगळी माहिती सांगितली गेली होती. आणि एक कारण फार थोडे लोक मोजतात : नणंद-भावजय यांचं आपसात बरं होतं.

वहिनीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या प्रश्नात ती कुठेच नाही. भाऊ गावाकडे आई-वडिलांना बघत होता असं तुम्ही लिहिलंय. वडिलांचं पथ्यपाणी, रात्रीची उठबस, आता आईची औषधं, यातलं किती भावाच्या हाताने झालं आणि किती वहिनीच्या? मी ज्या ज्या घरांत नीट विचारलं तिथे निम्म्याहून जास्त काम सुनेने केलेलं निघालं. तिचं नाव या घरच्या सातबाऱ्यावर नाही. आणि बरेचदा तिने तिच्या माहेरी, तिच्या भावासाठी, हक्कसोडपत्रावर सही केलेली असते. तिच्या हातात दोन्हीकडचं काहीच नाही. मग नणंद हिस्सा मागते म्हटल्यावर ती कडवट होते, आणि आपण म्हणतो, ‘वहिनीनेच भावाला फितवलं.’ ताई, भावाशी बोलायला बसाल तेव्हा वहिनीलाही बसवा. तिने केलेलं तिच्यासमोर बोलून दाखवा. आणि भावाला विचारा, माझं नाव काढून तुझ्या एकट्याच्या नावावर होणार असेल, तर त्यात वहिनीचं नाव लावशील का?

ही काही माझ्या डोक्यातली नवी कल्पना नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. कष्ट करणाऱ्या बायकोच्या नावावर नवऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा करून द्यायचा. कोणी दावा लावलेला नाही, बायकोने मागितलेलं नाही. अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी खरंच करून दिलं. १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता यावं यासाठी परिपत्रक काढलं. कागदाचा विषय निघाला की प्रेम संपलं असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. कागदावर आपल्या माणसाचं नाव लावणं, तेही न मागता, हे प्रेमाचं मला ठाऊक असलेलं फार स्वच्छ रूप आहे.

मग प्रेम ओळखायचं कसं? तुम्ही विचारलंय म्हणून माझ्या कामातून जे हाती आलं ते सांगते. पहिली खूण सांगून झाली : नाही म्हटलं तरी नातं काढून घेतलं जात नाही. भाऊ रागावेल, चार दिवस बोलणार नाही, ते चालतं. पण ‘सही नाही तर या घरात पाय ठेवू नकोस’ हे प्रेमाचं बोलणं नाही, मग बोलणारा कितीही जवळचा असो. दुसरी खूण म्हणजे, ज्याचं प्रेम असतं तो तुम्हाला अंधारात ठेवत नाही. जमीन किती, कर्ज किती, आसपास काही प्रकल्प येतोय का, विकायचा विचार आहे का, हे तो स्वतःहून सांगतो. तुम्हाला नुकसान होईल असा कागद असेल तर ‘नीट वाच, वकिलाला दाखव’ असं तोच म्हणतो. मी असे भाऊ पाहिलेत. बहिणीला वेगळा वकील करून देणारे, त्याची फीसुद्धा भरणारे.

आणि ही खूण तुम्हालाही लागू आहे. भाऊ काय करतो हे तुम्ही गेल्या दहा वर्षांत किती विचारलंत? पीक गेलं त्या वर्षी फोन केलात का? वडिलांच्या दवाखान्याचा खर्च कुठून आला हे माहीत आहे का? तुम्ही केलं नसेल असं मी म्हणत नाही, मला ठाऊक नाही. पण ‘माझा हक्क’ म्हणताना ‘त्याचा भार’ही आपल्याला माहीत असला पाहिजे. हक्क कायद्याने सारखा आहे, भार कोणी किती उचलला हे कायदा क्वचितच विचारतो. ते विचारणं तुमचं काम.

एका मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. ‘तुझ्या लग्नात खर्च केला, तोच तुझा हिस्सा’ हा युक्तिवाद कोणी केला तर तो मान्य करू नका. लग्नातला खर्च हक्क संपवत नाही, आणि मला तो मनालाही पटत नाही. मांडव, जेवणावळी, मानपान हे मुलीने मागितलेलं नसतं, भावाच्या लग्नातही खर्च झालेलाच असतो. तसंच सही झाल्यावर दिलेली साडीचोळी. ती मानाची आहे, आनंदाने घ्या, पण तिला मोबदला समजू नका.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. ते म्हणतात सही करू नकोस. सल्ला आत्तापुरता बरोबर आहे. पण तो का देतायत हेही पाहा. काही घरांत भावाचा दबाव संपतो तिथे नवऱ्याचा सुरू होतो : ‘हिस्सा आण, आपला फ्लॅटचा हप्ता फिटेल.’ माझ्याकडे बहीण आली की मी भावाला बाहेर बसवते, आणि नंतर नवऱ्यालाही बाहेर बसवते. मग तिला एकच विचारते : सही दिलीत तर काय होईल असं वाटतं, आणि नाही दिलीत तर? उत्तरात पहिल्यांदा भीती आली, ‘मला टाकतील’, ‘घरात भांडण होईल’, ‘हे रागावतील’, तर त्या दिवशी मी कोणताच कागद करत नाही. ना हक्कसोडपत्राचा, ना दाव्याचा. दहाव्या-तेराव्याच्या दिवसांत तर मी मसुदाही लिहून देत नाही. वर्षश्राद्ध ही कायद्याने घातलेली मुदत नाही. तो दिवस वडिलांचा आहे, त्यांच्यासाठीच राहू द्या.

स्वतःला विचारायचा आणखी एक प्रश्न आहे. समजा उद्या या जमिनीला कोटीचा भाव आला आणि भावाने ती विकली. तेव्हा आजची सही तुम्हाला सलेल का? मनापासून ‘नाही, त्याचं भलं झालं’ असं उत्तर आलं, तर खुशाल द्या. मी अशा बहिणी पाहिल्यात आणि त्यांच्यापुढे मला कायदा सांगावासाही वाटला नाही. एक बाई होत्या, त्यांच्या भावाने लहानपणी शाळा सोडून त्यांना शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, “माझा हिस्सा मी नोकरीच्या पहिल्या दिवशीच घेतला.” त्या सहीत मला जराही संकोच दिसला नाही. पण सलेल असं वाटत असेल, तर तुम्ही अजून देत नाही आहात, तुमच्याकडून घेतलं जातंय. तिथे थांबा.

आता मधल्या वाटा. सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर राहू द्यायची, शेती भावाने करायची, पीकही त्याचंच, आणि कर्ज-अनुदानासाठी तुम्ही त्याला फक्त त्या कामापुरतं मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सही करायचा अधिकार, करून द्यायचं. विकण्याचा अधिकार त्यात द्यायचा नाही. भावाची रोजची अडचण एवढ्याने सुटते. किंवा शेतीतला हक्क सोडायचा आणि गावातल्या घरावरचा ठेवायचा. २००५ च्या आधी राहत्या घराची वाटणी मागायला मुलीला कायद्याचाच अडथळा होता, ते हिंदू वारसा कायद्याचं कलम २३ आता गेलेलं आहे. किंवा भावाने हप्त्याने काही रक्कम द्यायची आणि तुम्ही हक्क सोडायचा. मोबदला घेतला की मुद्रांक शुल्काचा हिशेब बदलतो, ते आधी विचारून घ्या. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येतं, कोर्टात जावं लागत नाही. यातलं तुमच्यासाठी कोणतं, हे जमीन किती आणि कशी आहे, कर्ज किती आहे, भावाशी बोलणं कितपत होतं यावर ठरेल. एखाद-दोन एकर जिरायतीचे चार तुकडे करून कोणाचंच भलं होत नाही हेही खरं. आणि भावाने तुमचं नाव वगळून आधीच फेरफार करून घेतला असेल, तर मात्र वाट बघू नका. हरकतीच्या आणि अपिलाच्या मुदती कमी असतात, लगेच वकिलाला भेटा.

भावाला काय म्हणायचं, हे बऱ्याच जणी विचारतात. मी त्यांना सांगते की निरोप पाठवू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. घरी जा. आणि साधारण असं म्हणा : “दादा, मला तुझ्याशी भांडायचं नाही आणि कोर्टातही जायचं नाही. तू आई-अण्णांसाठी काय काय केलंस ते मला सगळं ऐकायचंय. कर्जाला सही लागेल तिथे मी येते, किंवा तसा कागद करून देते. पण हक्कसोडाचं मी वर्षश्राद्ध झाल्यावर, सगळे कागद बघून, शांतपणे ठरवीन. तोपर्यंत माझं येणंजाणं आहे तसंच राहील.” तुम्ही त्याला दादा म्हणता की नावाने हाक मारता, ते तुमचं तुम्ही बदला. शेवटचं वाक्य गाळू नका. आणि ते खरं करा, महिन्याभरात पुन्हा जा, कागदाचा विषय न काढता.

राहिली आई. या सगळ्यात तिच्या हिश्शाबद्दल कोणीच बोललेलं नाही, तुम्हीसुद्धा नाही. तीही वारस आहे. बहुतेक हक्कसोडपत्रांत बहिणींबरोबर आईचीही सही घेतली जाते, आणि त्या दिवसापासून ती स्वतःच्या घरात मुलाच्या मर्जीवर राहू लागते. मुलगा चांगला असला तरी तो तिच्याआधी गेला तर काय, हा विचार कोणी करत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ती प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागू शकते, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळवू शकते. पण ती अट कागदात लिहिलेली असावी, नुसतं तोंडी बोलणं पुढे कामाला येत नाही. त्यापेक्षा तिचा हिस्सा तिच्या नावावरच राहू द्या, तो भावासाठीही अडचणीचा नाही, कारण ती त्याच्याजवळच आहे. तुम्ही सही द्या किंवा देऊ नका, आईचं नाव निघणार नाही हे दोघं भावंडं मिळून आधी ठरवा. गावी जाल तेव्हा तिला एकटीला घेऊन बसा आणि विचारा, अगदी साध्या शब्दांत, की तुला स्वतःला काय हवंय. पहिल्यांदा ती म्हणेल, “मला काय करायचंय, तुम्ही सुखी राहा.” तिथे उठू नका. पुन्हा विचारा.

गावाहून परत येताना सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, फेरफाराची नक्कल आणि वडिलांचं मृत्युपत्र असेल तर तेही घेऊन या, आणि पिंपरीतल्याच एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवा. भावाच्या ओळखीचा नको, मिस्टरांच्याही ओळखीचा नको.